मागे बसणारे सर

सरांची पाठ आमच्या शाळेत कुणी पाहिली नव्हती. म्हणजे पाठ होती, चांगली रुंद होती, पण ती कायम कशाला तरी टेकलेली असायची. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची कपाटाला लागून. हॉटेलात चहाला गेलो की भिंतीकडची जागा मिळेपर्यंत ते उभे राहत. एसटीत शेवटचं बाकडं, तेही पुढची सगळी गाडी रिकामी असताना. लग्नात पहिल्या पंगतीला अख्खा गाव धावत सुटला की हे मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभे, आणि वाढपी दमून गेल्यावर शेवटच्या पंगतीला निवांत पोटभर जेवत. भूगोल शिकवताना तर कमालच करत. मुलांकडे तोंड करून, हात मागे नेऊन फळ्यावर नकाशा काढायचे. महाराष्ट्र बरोबर यायचा, फक्त कोकण जरा जाड व्हायचं.

मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मागं काय चाललंय त्याची काळजी भिंतीनं करावी. पुढचं मी बघतो." एवढं बोलून त्यांनी बशीत चहा ओतला आणि विषय संपला.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा नांदेडहून अर्धापूरला रोज जाऊन-येऊन करत असे. माझा स्वभाव नेमका सरांच्या उलट. मोहरी तडतडायच्या आधी कांदा टाकणाऱ्यांतली मी. वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर देणारी. त्यामुळे शाळेत सगळ्यांत जास्त भांडणं माझी त्यांच्याशी झाली आणि सगळ्यांत जास्त करमणूकही त्यांच्याचमुळे झाली. सर मूळचे औशाकडचे. पण अर्धापुरात इतकी वर्षं राहिले की तिथल्या केळीवाल्यांनाही ते आपलेच वाटायचे.

त्यांच्याशी कॅरम खेळायला कुणी तयार नसे. स्वतःची सोंगटी खिशात घालण्यापेक्षा दुसऱ्याच्या सोंगटीपुढे आपली आणून ठेवण्यात त्यांना जास्त गोडी. डाव संपायचाच नाही, मधली सुट्टी संपायची. बाजारातही तेच. घासाघीस त्यांनी आयुष्यात केली नाही. भाजीवालीपुढे उभे राहायचे आणि मेथीच्या जुडीकडे नुसते बघत राहायचे. ती भाव सांगायची, हे गप्प. ती पुन्हा सांगायची, हे गप्प. शेवटी तीच वैतागून म्हणायची, न्या हो सर, तुम्हाला पाहिजे तशी न्या, पण गिऱ्हाइकापुढून सरका.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. काकूंना सरांच्या या स्वभावाबद्दल विचारलं की त्या आपल्या लग्नाची गोष्ट सांगत. सर मुलगी बघायला आले, पोहे खाल्ले, पाणी पिले आणि गेले. पसंत आहे की नाही, काही कळवलंच नाही. काकूंच्या वडिलांनी लई वाट पाहिली आणि मग कंटाळून त्यांनीच तारीख काढून टाकली. "माझ्या बापालाच घाई झाली की," काकू हसत म्हणायच्या. सर बाजूला भिंतीला टेकून बसलेले असत आणि त्यांच्या तोंडावर जिंकलेल्या माणसाचं समाधान असे.

कारण त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका प्रश्नात मावत होतं. घाई कुणाची हाय? आणि त्याचं उत्तरही तेच देत. त्यांची. मंग पळू द्या त्यांना.

आता फुटबॉलकडे येते. आमच्या भागात फुटबॉल म्हणजे दुसऱ्याच्या घरचं लग्न. आमचा खेळ खो-खो. आमच्या शाळेच्या मुली खो-खोत जिल्ह्यात नावाजलेल्या होत्या. पण संस्थेचं सभागृह बांधायचं ठरलं आणि ते नेमकं खो-खोच्या मैदानावर उभं राहिलं, कारण तीच जागा रस्त्यावरून दिसत होती. हा निर्णय संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांचा. दादा केळीचे मोठे बागायतदार. तरुणपणी पैलवानकी केलेली. मनानं मोठा माणूस, पण एकदा ठरवलं की ठरवलं. मुली काही दिवस सभागृहाच्या वाळूच्या ढिगावर बसून राहिल्या. सर त्यांच्याकडे वर्गाच्या खिडकीतून बघत. मग एक दिवस ते दादांकडे गेले आणि शाळेमागचं दादांचं केळी काढून रिकामं झालेलं रान मागितलं. दादांनी दिलं, पण खांब रोवायचे नाहीत, पुढच्या लागवडीला नडतात, असं बजावून दिलं. खांबाशिवाय खो-खो होत नाही. दोन दगड ठेवले की फुटबॉलचा गोल मात्र होतो. सरांनी नांदेडहून चेंडू आणला.

मुलींचा संघ कुठंही न्यायचा तर सोबत बाई शिक्षक लागतात. ते काम माझ्याकडे आलं. तालुक्याच्या पहिल्या सामन्यात जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमची कप्तान वैष्णवी, सातवीपासून खो-खोत कुणाच्या हाताला न लागलेली पोरगी, चेंडू घेऊन पुढे गेली. तिघींना चुकवलं. चौथीनं चेंडू काढून घेतला. आता कुणीही मागे फिरेल की नाही? ही फिरलीच नाही. सरळ पळत राहिली, समोरच्या संघाच्या गोलाच्या खांबाला मागून वळसा घातला आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूनं परत आली. तोवर आमच्यावर गोल झाला होता. खो-खोत उठलेल्या खेळाडूनं खांब गाठल्याशिवाय दिशा बदलायची नसते. तिच्या पायांना तेवढंच माहीत होतं. मी कपाळाला हात लावला आणि बघणारे पोट धरून हसले.

सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. परतताना जीपच्या मागच्या कोपऱ्यात बसून म्हणाले, "चूक न्हाई ती, मॅडम. पाठ झालेला धडा हाय. फकस्त पुस्तक बदललंय." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या पाठ झालेल्या धड्यावरच संघ बांधला. आपल्या गोलापुढे मुलींची ओळ. चेंडूवर एकीनंच जायचं. ती गेली की तिची जागा शेजारणीनं सरकून भरायची. चेंडू आपल्या पायात आला की मोठ्यानं खो म्हणायचं आणि तो समोरच्या रिकाम्या रानात मारायचा. तो शब्द आला की कडेची मुलगी सुटायची. सुटली की मागे बघायचं नाही. आणि खो मिळाल्याशिवाय ओळीतलं कुणीही उठायचं नाही, काही झालं तरी.

यानं झालं असं की आमच्यावर गोल होईनासे झाले. आम्हीही फारसे करत नव्हतो. पण शून्य-शून्य, एक-शून्य करत आम्ही तालुका जिंकला, आणि नांदेडला जिल्ह्याचा शेवटचा सामना पेनल्टीवर जिंकला. मी आनंदानं नाचले. पण त्या दिवशी नांदेडच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. अर्धापूरच्या पोरी केळीच्या घडासारख्या एका जागी लोंबकळून राहतात, असं कुणीतरी ओरडलं, आणि ते दादांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

दादा दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आले. आता विभागाचा सामना लातूरला होता. जिंकलं तर राज्य. दादा म्हणाले, जिंकल्या ते ठीक, पण अशा जिंकण्यात इज्जत काय राहिली? कुस्तीत मागं मागं सरणाऱ्याला पंचसुद्धा ताकीद देतो. लातूरला असं चालणार नाही. नांदेडहून एक मास्तर बोलावतो, तो पोरींना चाल करून जायला शिकवेल. सरांनी भूगोल बघावा.

मला वाटलं, सर आता तरी उसळतील. ते कपाटाला टेकून बसलेले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, तुमच्या बागंभवती शेवरी कामून लावलीया?"

"वारा अडवायला. दुसरं कशासाठी?"

"शेवरी वाऱ्यावर चाल करून जाती का?"

दादा म्हणाले, "सर, शेवरीला घड लागत न्हाई." आणि स्टाफरूम हसली. खरं सांगायचं तर मीही हसले, कारण टोला सुरेख बसला होता. पण सरांचा चेहरा मी पाहिला. ज्या मुलींचं एक मैदान गेलं होतं, त्यांचा दुसरा खेळही हातातून जाणार होता. तो चेहरा पाहून माझं हसू थांबलं.

नेमके तेच दिवस कतारमधल्या विश्वचषकाचे. आमच्याकडे तो दुपारीच सुरू व्हायचा. ऑफ तासाला माझ्या मोबाईलवर सामना लावून आम्ही बघायचो. मी लहानपणापासून भावांबरोबर फुटबॉल बघितलेला, त्यामुळे मी स्वतःला जाणकार समजे. त्या दुपारी मोरोक्को आणि क्रोएशियाचा सामना होता. सर एरवी मोबाईलकडे ढुंकून बघत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि माझ्या हातातून मोबाईलच घेतला.

"मॅडम, हे लोक खो-खो खेळून राहिलेत."

मी म्हटलं, सर, काहीतरीच काय. पण ते बोटानं दाखवू लागले. ही बघा ओळ. ह्यो एकटा उठला, त्याची जागा त्यानं भरली. बाकीचे जागा सोडत नाहीत. सामना शून्य-शून्य सुटला. मी म्हटलं, झालं, एवढा वेळ बघून हाती काय लागलं? चेंडू सगळा वेळ दुसऱ्यांकडे. ज्या संघाला चेंडूच नको त्यानं मैदानात यावं कशाला? जेवायला बोलावलेल्या पाहुण्यानं ताटाला हात लावू नये, तसं हे. फुटबॉल गोलासाठी असतो, बचाव करत बसण्यासाठी नाही. अशानं खेळ मरतो, बघणारा माणूस झोपतो.

सरांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बॉल त्यांच्याकडं हाय, हे मला बी दिसून राहिलंय. पण जागा कुणाकडं हाय ते बघा की. जेवढे ते पुढं येतील, तेवढं त्यांच्या मागचं रान आपलं."

मी म्हटलं, ते रान वापरणार कधी? ते म्हणाले, घाई कुणाची हाय? मी म्हटलं, सर, नव्वद मिनिटांत सामना संपतो, तुमच्या लग्नासारखं वाट बघत बसता येत नाही. ते मनापासून हसले आणि मग अचानक गंभीर झाले. खो-खोत पोरगी एकही गडी बाद न करता नुसती पळत राहते, निसटत राहते, तेव्हा तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवता ना, असं त्यांनी विचारलं. तिनं काय मिळवलेलं असतं? वेळ. आपल्या लोकांना बचावाची कदर जन्मापासून आहे. मग गोऱ्यांच्या खेळात तीच गोष्ट भित्री कशी होते? मी तास झाल्याचं सांगून वर्गावर गेले.

हा वाद तिथं संपला नाही. स्टाफरूममध्ये दोन तट पडले, म्हणजे एका तटात सर आणि दुसऱ्यात बाकीचे सगळे. गणिताचे सर आकडे मांडायचे, मी जुन्या सामन्यांचे दाखले द्यायचे. सर फळ्यावर, अर्थातच फळ्याकडे पाठ करून, मोरोक्कोची ओळ काढायचे. ती वाकडी यायची. चर्चा दादांपर्यंत पोचली. दादांना फुटबॉल कळत नव्हता, पण आखाडा कळत होता. त्यांनी निरोप पाठवला. रविवारी संध्याकाळी मोरोक्कोचा बेल्जियमशी सामना आहे, माझ्या केळीच्या गोदामात मोठ्या टीव्हीवर सगळे बघू. सरांचा संघ जिंकला तर लातूरला मी मैदानाच्या कडेला तोंड उघडणार नाही, संघ सरांचाच. हरला तर सोमवारी नांदेडचा मास्तर येईल.

मी सरांना म्हटलं, हे कसलं वेड्यासारखं? बेल्जियम नावाजलेला संघ आहे. निदान बरोबरी झाली तर काय ते तरी ठरवून घ्या. सर म्हणाले, "बरोबरी झाली तरी मी हरलो समजा. आपल्या खेळावर आपलाच इतबार नसल तर लेकरांना कशाला उन्हात उभं करायचं?" त्या दिवशी मला कळलं की हा माणूस संथ आहे, पण भित्रा नाही.

रविवारी गोदामात पिकत्या केळीचा वास भरून राहिला होता. माल भरायची प्लॅस्टिकची क्रेट उलटी करून आम्ही सगळे बसलो. मुलीही आल्या होत्या, गंभीर चेहऱ्यानं. सरांनी आपलं क्रेट ओढत ओढत भिंतीपर्यंत नेलं. चेंडू बेल्जियमकडेच जास्त होता. दादा प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारत आणि माझ्याकडे बघत. मध्यंतराच्या जरा आधी मोरोक्कोनं फ्री किकवर गोल केला, मुली उठून किंचाळल्या, आणि पंचांनी तो गोल नाकारला. दादांनी सरांना केळं दिलं. सरांनी ते सोलून खाल्लं.

मध्यंतरानंतर वेळ सरत चालला तसं वैष्णवीनं ओढणीचं टोक दातात धरलं. आणि मग बाजूच्या रेषेजवळून मारलेली एक फ्री किक कुणालाही न लागता सरळ गोलात गेली. मुलींनी गोदाम डोक्यावर घेतलं. मीसुद्धा उठले होते, पण वादाची सवय सुटत नाही. मी म्हटलं, सर, हा फ्री किकवरचा गोल, यात तुमच्या खो-खोचं काय? सर म्हणाले, "बसा मॅडम. अजून व्हायचाय."

आता घाई बेल्जियमला होती. ते सगळे पुढे आले, आणि त्यांच्या मागे मोकळं रान पडलं. अगदी शेवटी मोरोक्कोचे गडी त्या मोकळ्या जागेत सुटले आणि दुसरा गोल झाला. कुणालाही समजावून सांगायची गरज राहिली नाही. दादा उठून सरांपुढे आले आणि शब्द दिला म्हणजे दिला, एवढंच बोलून गोदामाची किल्ली शोधायला लागले.

लातूरला आम्ही लोहा, अहमदपूर करत सकाळी पोचलो. समोरचा संघ लातूरच्या एका मोठ्या शाळेचा. त्यांच्या मुलींचे बूट एकसारखे होते, त्यांच्या मास्तरांकडे पांढरा फळा होता आणि त्यांच्या बाजूनं ढोल-ताशा होता. आमच्या बाजूनं मी आणि दादा. सर पलीकडच्या अंगाला, क्रीडा संकुलाच्या भिंतीला टेकून उभे. दादांनी तोंड बंद राहावं म्हणून पान भरून घेतलं होतं. गडी शब्दाला जागत होता, पण हाल बघवत नव्हते. लातूरच्या मुली चाल करून आल्या की दादांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. आमच्या मुली ओळ सोडत नव्हत्या. एक उठायची, शेजारीण सरकायची. चेंडू ओळीवर आपटून परत जायचा. प्रेक्षकांनी नांदेडसारख्याच शिट्ट्या सुरू केल्या. माझ्या मनात अजूनही, जा गं पोरींनो, जा पुढं, असंच चाललं होतं. स्वभाव कुठं जातो?

सामना संपत आला तरी गोल नव्हता. लातूरची घाई वाढली. त्यांची शेवटची बचाव करणारी मुलगीसुद्धा पुढे आली, आणि त्याच क्षणी वैष्णवीनं चेंडू काढून घेतला. तिनं समोरच्या रिकाम्या मैदानात तो मारला आणि खो म्हणून ओरडली. मला तिचे ओठ दिसले, आवाज नाही. ढोल इतका जोरात होता. आमच्या कडेला, दादांपासून हाताच्या अंतरावर अंजली उभी होती. सुटायचं तिनंच. पण तिला खो ऐकूच आला नव्हता, आणि खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही हे तिच्या हाडात भिनलेलं. चेंडू रिकाम्या मैदानात एकटाच घरंगळत चालला होता. पलीकडून सर हात हलवत होते. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. मी ओरडले, पण माझ्या तोंडून अंजली, अंजली एवढंच निघालं, आणि ती माझ्याकडे बघून जागीच थबकली.

आणि माझ्या शेजारी दादांनी पान थुंकलं आणि आखाड्यातल्या आवाजात हाक दिली.

"खो!"

पोरगी बंदुकीतून सुटल्यासारखी सुटली. तिच्यामागे लातूरच्या मुली धावल्या, पण त्या मागे वळून धावत होत्या आणि ही सरळ. गोलकीपर पुढे आली. अंजलीनं चेंडू तिच्या बाजूनं ढकलला, आणि तो गोलात जाताना तिनं पाहिलासुद्धा नाही. ती पळतच राहिली, गोलाच्या खांबाला मागून वळसा घातला आणि मैदानाच्या दुसऱ्या अंगानं, जिथं सर उभे होते तिथून, हात पसरून परत आली. या वेळी कुणी हसलं नाही. मी रडत होते, हे मला नंतर फोटोत दिसलं.

सामना संपल्यावर सर हळूहळू मैदान ओलांडून आमच्याकडे आले. त्यांनी दादांकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा, बोलायचं न्हाई असं ठरलं होतं."

दादा म्हणाले, "मी बोललो न्हाई. मी खो दिला." मग त्यांनी सरांना पैलवानी मिठीत असं आवळलं की चष्मा खाली पडला. "शेवरीला घड लागला, सर," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पुढं काय झालं तेही सांगून टाकते. राज्य स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. मोरोक्कोनं स्पेनला आणि पोर्तुगालला घरी पाठवलं आणि उपांत्य सामन्यात तेही हरले. त्या सकाळी सर पेढे घेऊन शाळेत आले. मी म्हटलं, सर, हरले की ते. ते म्हणाले, हरले की, पण तिथवर जाऊन हरले, पेढा घ्या. वाद मी अजून सोडलेला नाही. मला आजही चाल करून जाणारे संघच आवडतात. फक्त आता सामना बघताना चेंडू कुणाकडे आहे हे बघून झालं की माझी नजर आपोआप जागा कुणाकडे आहे ते शोधते. दादांनी मागच्या रानात पुन्हा केळी लावली नाहीत. तिथं आता लोखंडी गोल उभे आहेत, आणि एका बाजूला खो-खोचे दोन खांबही.

सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम खो-खोच्या जुन्या मैदानावरच्या त्याच सभागृहात झाला. व्यासपीठावर त्यांची खुर्ची मधोमध मांडली होती. सरांनी ती ओढत ओढत मागच्या भिंतीला नेली. सगळे हसले. भाषणं झाली. दादा बोलायला उठले, पण दोनच वाक्यं बोलून खाली बसले. मग मुलींच्या वतीनं वैष्णवी आली. ती तेव्हा नांदेडला अकरावीत होती आणि संध्याकाळी शाळेत येऊन लहान मुलींना खेळ शिकवत होती. तिनं माईक हातात घेतलाच नाही. ती सरांना म्हणाली, "सर, खुर्ची जराशी पुढं घ्या."

का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, घ्या तर. सरांनी आमच्याकडे बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि खुर्ची हातभर पुढे घेतली. वैष्णवी भिंतीच्या आणि त्यांच्या मधल्या जागेत शिरली. तिनं त्यांच्या रुंद पाठीवर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "खो."

सर उठले, आणि त्यांच्या जागेवर वैष्णवी बसली, कारण खो देणारीनं तिथंच बसायचं असतं. सर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालू लागले. आधी हळू, मग जरा भरभर, मग चक्क धावत. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या आणि पहिल्यांदा त्यांची पाठ पाहिली. सदरा घामानं चिकटला होता. ते दारापर्यंत गेले, दाराजवळच्या खांबाला त्यांनी वळसा घातला आणि दुसऱ्या वाटेनं, दोन्ही हात पसरून, टाळ्यांमधून परत आले.